मागची सीट

२ मार्च

लिहायची मला सवय नाही. हातात पाना शोभतो, पेन नाही. पण कोणाशी तरी बोलायला हवं, आणि जिच्याशी मी सगळं बोलतो तिच्याशीच हे बोलायचं नाही असं ठरलंय.

ठरवलं मी आणि लेकीने. परवा डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं, म्हणाले. बायकोचा आजार आता यकृतात उतरलाय. आणखी उपचार म्हणजे नुसता त्रास. मी विचारलं, किती? तर म्हणाले, सहा महिने, फार तर. मी तिथेच जिन्यात उभा राहून लेकीला फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, "बाबा, आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये. ती हाय खाईल. जेवढे दिवस आहेत तेवढे तरी हसत जाऊ देत." मला पटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, कारण तिच्या तोंडावर हे बोलायची हिंमत माझ्यात नव्हती.

बायको बाहेर बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मी म्हणालो, "सुटलीस बाई. रिपोर्ट एकदम स्वच्छ." तिला उठायला हात दिला, पर्सही मीच घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे वा."

बस, एवढंच. नाचली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. औषधांनी माणूस थकतं, आनंदही उशिरा होत असेल.

४ मार्च

थाप मारली आणि तीच अंगाशी आली. आज सकाळी चहा पिताना म्हणते, "बरी झालेय ना मी? मग चला, आपली राहिलेली यात्रा करून येऊ. लांबडीवरून."

लांबडी म्हणजे आमची दोन सीटची सायकल. लग्न झालं त्या वर्षी मी दोन मोडक्या सायकली जोडून ती बनवली. गल्लीने नाव ठेवलं लांबडी, ते चिकटलं. पुढे मी, मागे ती. तेव्हाच आम्ही डोंगरावरच्या त्या तीर्थाला निघालो होतो आणि अर्ध्या वाटेत पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. टेम्पोत घालून सायकल परत आणली. सासऱ्यांनी तेव्हा जे तोंडसुख घेतलं ते अजून आठवतं. त्यानंतर सायकल-दुरुस्तीचं दुकान, लेक, हिचं आजारपण, जमलंच नाही.

आता नाही कोणत्या तोंडाने म्हणू? बरी झालीस असं मीच सांगितलंय.

डॉक्टरांना विचारायला गेलो. म्हणाले, त्यांची इच्छा आहे तर जा, मी अडवणार नाही. पण त्यांना दमवायचं नाही. अंगात जी ताकद शिल्लक आहे ती जपा, ती गेली की परत यायची नाही. मी म्हणालो, साहेब, तिला मी खुर्चीत बसवल्यासारखं नेतो. शब्द दिला.

७ मार्च

तीन दिवस दुकान बंद ठेवून लांबडी उघडली. चाकांतले सगळे छर्रे बदलले, नवं ग्रीस भरलं, दोन्ही चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. मागे चेनची मोठी चक्री बसवली, म्हणजे चढावर एकट्यालाही ओढता येईल. तिची सीट रुंद केली, वर स्पंज घातला.

या सायकलचं एक आहे. दोघांची पायडलं एका चेनने एकमेकांना बांधलेली असतात. पुढच्याने मारलं की मागच्याचे पाय आपोआप फिरतात. तिने नुसते पाय ठेवले तरी चालतं. मी तिला बजावलं, "पायडल मारायचं काम माझं. तू फक्त बस, झाडं बघ." ती म्हणाली, "बरं, इंजिनियरसाहेब." इतक्या सहज ती कधी माझं ऐकत नाही. आजारपणाने तिच्यातला हट्टच गेला, याचंही आज वाईट वाटलं.

१० मार्च, संध्याकाळ

निघालो. गल्लीने टाळ्या वाजवल्या, लेकीने आईला मिठी मारली आणि आईच्या खांद्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी खाली वाकून चेन तपासायला लागलो.

रस्ता पहिले काही दिवस नदीकाठाने जातो. वाटेवरच्या दगडांवर पांढरे पट्टे मारलेत, ते बघत जायचं. पायी चालणारे यात्रेकरू खूप. काठ्या टेकत, मोजे काढून फोड बघत बसलेले. त्यांना देवाकडे काही ना काही मागायचं असतं. मला काय मागायचं तेही कळत नाही. सहाचे सात महिने करून दे, असं मागू? दुकानात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी खेकसतो.

पुढे बसण्याचा एक फायदा आज कळला. मागच्याला आपलं तोंड दिसत नाही. पूल ओलांडल्यावर ती मागून काहीतरी जुनं गाणं गुणगुणायला लागली आणि मला एकदम रडू आलं. हँडल सोडता येईना, डोळे पुसता येईनात. रस्ता धूसर दिसायला लागला. तेवढ्यात मागून तिचा हात आला, हातात रुमाल. "वारा लागतोय ना डोळ्यांना? घ्या."

वाचलो. वारा नव्हताच म्हणा, पण तिला मागे बसून काय कळणार?

११ मार्च

यात्रेकरूंना उतरायला असतं तशा एका घरात मुक्काम. लोखंडी खाटा, भिंतीला खुंट्या, एकच नळ. माझ्या शर्टाचं बटण तुटलं. मी तिच्यापुढे शर्ट धरला, तर तिने सुईदोरा माझ्याच हातात दिला. "लावा. मी सांगते कसं ते." एवढ्या वर्षांत कधी नाही आणि आज? सायकलच्या बारीक तारांना आटे पाडणारा हात माझा, पण सुई ओवताना घाम फुटला. बटण वाकडं बसलं. तिने उसवलं आणि पुन्हा लावायला लावलं. मी चिडून म्हणालो, "ही काय शाळा आहे?" ती हसली, पण सोडलं नाही.

१३ मार्च

काल इस्त्री करायला लावली. आज जिथे उतरलो तिथल्या घरमालकिणीशी खोलीचं, पाण्याचं, जेवणाचं सगळं मीच बोलायचं म्हणे. मला अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची तर कान तापतात, हे तिला ठाऊक आहे. दुकानातही गिऱ्हाईक मी सायकलकडे बघूनच हाताळतो, बोलायचं खातं तिचं. तरी मला पुढे ढकलून स्वतः बाकावर बसून राहिली. लेकीलाही रोज मीच फोन करायचा. "नुसतं ‘ठीक आहे’ म्हणून ठेवू नका. ती काय जेवली ते विचारा."

आजारी माणसाला अशी खूळं लागतात. मला कधी कधी राग येतो आणि मग त्या रागाचीच लाज वाटते. सहा महिने उरलेल्या माणसावर रागवायचं?

१४ मार्च

लांबडी फार सुंदर चालतेय. मी घाबरलो होतो की दोघांचं वजन, सामान, माझे साठीचे गुडघे, पहिल्या चढालाच हात टेकावे लागतील. पण कालच्या टेकडीवर उतरावंही लागलं नाही. छर्रे आणि ती मोठी चक्री, दुसरं काय. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नसेल, आणि केलं ते कशासाठी?

तिच्या पायांत गोळे आले होते. एका जागी बसून येतात म्हणाली. मी सीट थोडी खाली केली.

१५ मार्च

वाटेत एका वळणावर छोटं देवस्थान होतं. ती आत गेली, मी बाहेर टायरची हवा बघत बसलो. देवाशी माझं कधी जमलं नाही, पण भांडण असं नव्हतं. आज बाहेरूनच म्हणालो, की ही कोणाच्या अध्यात ना मध्यात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या सायकलींत फुकट हवा भरत आली. हिलाच का? ती बाहेर आली आणि म्हणाली, "तुमच्यासाठी मागितलं."

"माझ्यासाठी कशाला? मला काय धाड भरलीय?"

"असू दे. तुम्हाला जास्त गरज आहे."

१७ मार्च

आज एक वेडा विचार डोक्यात शिरलाय आणि निघत नाहीये. डॉक्टर चुकले असतील तर?

दुपारी लांब चढ होता. पायी जाणाऱ्यांची रांगच्या रांग मागे टाकत आम्ही वर गेलो, आणि ती मागून त्यांना हात करत होती. वर पोचलो तेव्हा तिचा चेहरा लालबुंद. किती महिन्यांनी तिच्या गालांवर रंग दिसला! मरणाऱ्या माणसाच्या तोंडावर असा रंग येतो का? यंत्रात चुका होतात, रिपोर्टात अदलाबदल होते, पेपरात येतंच की. मी लेकीला फोनवर हे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, असं नका हो करू स्वतःला."

संध्याकाळी बायकोने पावाचा एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. मग बाहेर जाऊन तोही ओकली. तासभर भिंतीला टेकून बसली होती. मग मी तो विचार काढून टाकला. म्हणजे प्रयत्न केला.

तिच्या उजव्या बुटाचा तळ मधोमध चिरलाय. नुसता पाय ठेवून बूट कसा चिरतो कोण जाणे. हल्लीचा मालच वाईट.

१८ मार्च

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. आता एकच दिवसाचा चढ उरलाय. काल संध्याकाळी एवढी हालत, आणि आज तिने एका दिवसात एवढा रस्ता काढला. दुपारी आम्ही एका मोठ्या गावातून आलो, तिथून इथपर्यंत सपाट सरळ रस्ता, नदीच्या कडेने. लांबडी हवेत चालल्यासारखी आली. मी पाय नुसते फिरवत होतो.

आल्या आल्या ती खाटेवर आडवी झाली. बूटही काढले नाहीत, मीच काढले.

१९ मार्च, संध्याकाळ

हे नीट लिहून ठेवतो. दुसरं काही करता येत नाही.

सकाळी ती म्हणाली, "दुखण्याच्या गोळ्या संपत आल्यात. कालच्या गावात औषधांचं दुकान होतं, तिथून आणा. आज इथेच थांबू." मी म्हणालो, "इथल्या घरमालकिणीचा भाऊ गाडीने जातोय, त्याला सांगतो."

"नको. तुम्ही जा. लांबडीवरून."

"एकटा? मागची सीट रिकामी घेऊन?"

"हो. तसंच."

मी कुरकुर केली, पण निघालो. सामान नाही, ती नाही, वारा पडलेला, कालचाच सपाट रस्ता. सायकल पिसासारखी जायला हवी होती. ती जाईना. थोडं अंतर गेलो आणि धाप लागली. मांड्या भरून आल्या. मला वाटलं ब्रेक घासतोय. उतरलो, चाक उचलून फिरवलं, एकदम मोकळं. हवा बघितली, भरपूर. चेन, चक्री, छर्रे, सगळं जागच्या जागी. पुन्हा बसलो, पुन्हा तेच. त्यात डुगडुगतही होती, मागून कोणी धरून ठेवायला नसल्यासारखी. पुन्हा उतरलो, पुन्हा सगळं तपासलं. आयुष्य सायकली दुरुस्त करण्यात गेलं माझं. जड चालते म्हणजे दोष यंत्रात असणार, दुसरं माझ्या डोक्यात येतच नव्हतं.

मग हँडल धरून उभा होतो तेव्हा डोक्यात आलं. यंत्रात दोष नव्हता. काल दोघं आणि सामान घेऊन जी सायकल हवेत चालत होती, ती माझ्या छर्र्यांनी चालत नव्हती. मागे बसून बायको पायडल मारत होती. पहिल्या दिवसापासून, सगळे चढ, माझ्या पाठीमागे, जीव तोडून. मी तिला दमवणार नाही म्हणून डॉक्टरांना शब्द देऊन आलो होतो, आणि तिने जी काही ताकद शिल्लक होती ती माझ्या डोळ्यांआड या रस्त्यावर घालवली होती. मी चक्रीचं कौतुक करत होतो.

रस्त्याच्या कडेला खाली बसलो. एक यात्रेकरू थांबून म्हणाला, "काका, पंक्चर का?" मी हो म्हणालो.

गोळ्या घेऊन परत आलो तेव्हा ती बाहेर बाकावर शाल गुंडाळून बसली होती. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "कशी चालली एकट्याने?"

"डुगडुगते."

"पहिले काही दिवस डुगडुगणारच. मग सवय होईल तुम्हाला."

तिने हे इतकं साधं म्हटलं की मला अर्थ लागायला वेळ लागला. बटण, इस्त्री, घरमालकीण, फोन, सगळं. मी तिच्या शेजारी बसलो. "कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. तुम्ही दवाखान्यातून बाहेर आलात आणि माझी पर्स हातात घेतलीत. जन्मात कधी घेतली होती का? बाजारात लाज वाटते म्हणून चार पावलं पुढे चालता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघांनी एवढी मेहनत घेतली होती लपवायला. म्हटलं, राहू दे. तुम्हाला बरं वाटत असेल तर तसं."

"आणि पायडल? मी सांगितलं होतं ना, नुसती बस म्हणून!" मी ओरडलोच. घरमालकीण खिडकीतून बघायला लागली.

"तुम्ही पुढे बसून रडत होतात. पाठ कळते हो मागून, अख्खी हलत होती. रडायचं आणि वर दोघांचं ओझंही ओढायचं? मला बसवेना. मला मागून दुसरं काय करता येणार होतं?"

मी तिचा हात धरला. मला वाटलं, आता सगळं बोलून झालं. मनावरचा दगड उतरला, आता दोघं मिळून काय ते सोसू. खरंच असं वाटलं मला. थोडा वेळ मी सुखी होतो, हे लिहायलाही कसंतरी होतंय.

मग ती म्हणाली, "आता सांगून टाका. डॉक्टर किती म्हणाले?"

मला वाटलं, हिला तर सगळं ठाऊकच आहे. मी म्हणालो, "सहा महिने. फार तर."

तिचा हात माझ्या हातात होता. तो एकदम थंड पडला, का मला तसं वाटलं. ती डोंगराकडे बघत होती.

"एवढेच?" ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरची शाल नीट ओढली.

"मला वाटलं, असतील चार-पाच वर्षं. माझ्या मावशीने याच दुखण्यात काढली होती ना पाच? तेवढी तरी मिळतील असं धरून चालले होते मी." मग थांबून म्हणाली, "तुम्हाला सावकाश सगळं शिकवणार होते. आत्ता बटण आणि इस्त्री. स्वयंपाक पुढच्या वर्षी घेणार होते."

एवढे दिवस ती माझ्या मागे होती, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. आज समोर होतं. त्या तोंडाकडे मला बघवलं नाही. जवळ पाच वर्षं आहेत असं समजून तिने ताकद सढळ हाताने उधळली होती. माझ्यावर. मी पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तर तिने पाय तरी जपले असते.

"पाय फार दुखतायत हो," ती म्हणाली. सगळ्या वाटेत पहिल्यांदा म्हणाली.

मी तिचे पाय मांडीवर घेतले आणि चेपत बसलो. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. ती रडली नाही. मी रडलो तर म्हणाली, "थांबा ना जरा. आता माझी पाळी आहे." तरी ती रडली नाहीच.

२० मार्च

लेक दुपारपर्यंत गाडी घेऊन येतेय. वर जायचं नाही. मी म्हणालो होतो, तुला पाठीवर घेऊन जातो, पण तिने मान हलवली. खिडकीतून वरचं ठिकाण स्वच्छ दिसतं. तिने पडदा ओढायला सांगितलं.

सकाळी जागी झाली तेव्हा थोडा वेळ छताकडे बघत पडली होती. मग मला हाक मारून म्हणाली, "काल तुम्ही किती म्हणालात?"

तिने नीट ऐकलं होतं, हे मला माहीत आहे. मी वेगळं काही सांगावं म्हणून विचारत होती. वर्ष म्हणालो असतो तर तिने वर्ष मानलं असतं, निदान दुपारपर्यंत. लेक म्हणाली होती तसं, हसत. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

मी खाटेच्या कडेला बसलो, तिच्याकडे तोंड करून, आणि पुन्हा तेच सांगितलं.